‘सिद्धार्थ’ वाचताना येणारी चीड

अकरावीच्या वाचन-तासिकेला हर्मन हेस यांची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी नेमली, की चौथ्या दिवसापासून तक्रारी सुरू होतात. काही घडतच नाही, सगळी पात्रे एकाच सुरात बोलतात, नदीकाठी किती पाने बसायचे? एक तक्रार मात्र आपल्यासारख्या शाळेतच ऐकू यावी. एका विद्यार्थ्याने वाचन-वहीत लिहिले, “नाव सिद्धार्थ, आणि हा बुद्धांनाच सोडून जातो. मग आम्ही हे का वाचायचे?” पालकांनी या वैतागाला आळस समजू नये. न वाचणाऱ्याला असा राग येत नाही.

प्रथम नावाचा घोळ सोडवला पाहिजे. व्यक्तिनाम सिद्धार्थ, गोत्रनाम गौतम. हेस यांनी ती दोन माणसांना वाटून दिली. कादंबरीतील गौतम हे बुद्ध, आणि सिद्धार्थ हा एक ब्राह्मणपुत्र. लेखकाच्या आईचा जन्म मलबारातील तलश्शेरीचा, तर आजोबा गुंडर्ट मल्याळम शब्दकोशाचे कर्ते. स्वतः हेस १९११ साली सिलोन, सुमात्रा असे फिरले. कादंबरी १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. लिहितानाही ती मध्येच अडली होती व वर्षभराहून अधिक काळ थांबली, हे ऐकून वर्गाला नेहमीच बरे वाटते!

खरा पेच जेतवनातील संवादात आहे. सिद्धार्थ कार्यकारणाच्या साखळीची मनापासून स्तुती करतो. मात्र संबोधीच्या क्षणी जे अनुभवले ते शब्दांनी दुसऱ्याला देता येत नाही, असे म्हणून तो संघात जात नाही. त्याचा मित्र गोविंद जातो. बहुतेक विद्यार्थी सिद्धार्थाचे वाक्य अधोरेखित करतात आणि गौतमांचे उत्तर ओलांडून पुढे जातात. ते उत्तर सावकाश वाचावे. जिज्ञासूंना जग समजावून सांगणे हा आपल्या शिकवणीचा हेतू नाही, दुःखातून मुक्ती हा आहे, अशा आशयाचे ते बोलतात. शिवाय अतिचातुर्यापासून सावध राहण्यासही सांगतात. वादात कोण जिंकले, हे लेखकाने सांगितलेले नाही.

येथे काही विद्यार्थी कालाम सुत्ताचा आधार घेतात : ऐकीव म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा. आधार योग्यच आहे. परंतु त्या सुत्तात पारखायला दिलेल्या गोष्टी कोणत्या? लोभ, द्वेष व मोह यांच्यामुळे माणूस दुसऱ्याचा जीव घेतो, चोरी करतो, खोटे बोलतो. कसोटी माणसांमधील वर्तनाची आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म हा मूलतः सामाजिक असल्याचे मांडले. एकट्या माणसाला त्याची गरजच नाही. या बाजूने पाहता हेस यांचा नायक फार एकटा वाटतो. माझ्या मते कादंबरीची हीच मर्यादा आहे, आणि चिडलेल्या विद्यार्थ्याला ती नेमकी जाणवली होती.

तरीही शेवटच्या प्रकरणांपूर्वी पुस्तक मिटू नये. कमला, व्यापारी कामस्वामी, द्यूत, संपत्ती हा भाग भरभर वाचला तरी चालेल. पुढे सिद्धार्थ नावाडी वासुदेवाच्या झोपडीत राहू लागतो आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा तेथे येतो. मुलाला ती झोपडी, तो भात, तो प्रेमळ बाप काहीच नको असते. एके दिवशी तो नदी ओलांडून शहराकडे पळून जातो. पहिल्या प्रकरणात सिद्धार्थाने रात्रभर उभे राहून वडिलांकडून घर सोडण्याची परवानगी मिळवली होती. त्याचा मुलगा परवानगीही मागत नाही.

हे प्रकरण वसतिगृहातील मुले फार शांतपणे वाचतात. घर सोडून राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. त्या विद्यार्थ्याच्या वहीत पुढची नोंद याच प्रकरणाविषयी होती : “त्या मुलाला इथे राहायचे का, हे कोणी विचारले होते?” त्यावर दोन तासिका चर्चा चालली.