साबुदाण्याच्या गोळ्या आणि सोमवारची गोळी





राजघाटावर तापीस्नानाला आलेल्या आपल्या एक ताई हल्ली वरच्याच पायरीवर बसून राहायच्या. हातात लोटा धरवत नव्हता. विचारलं तेव्हा कळलं, होमिओपॅथी सुरू झाल्यावर त्यांनी डॉक्टरांची दर सोमवारची मेथोट्रेक्सेटची गोळी सोडली होती. सोडा असं कोणीच सांगितलं नव्हतं. "दोन-दोन औषधं कशाला," म्हणून मनानेच. म्हणून आजचा पाठ यावर.

वयाने गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. ताईंना आहे तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात. बऱ्हाणपुरात त्यालाही सरसकट गठियाच म्हणतात. यात शरीराचं रक्षण करणारी शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही. सूज तशीच राहिली तर आतलं हाड कुरतडलं जातं, आणि ते भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट ही सूज आवरते. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी. घरात लेक-सून हे औषध घेत असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

मग होमिओपॅथी घ्यायचीच नाही का? इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी अशाच ८३ रुग्णांवर २४ आठवडे अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचं औषध सर्वांचं चालूच होतं. ज्यांना होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी बसवून सविस्तर विचारपूस केली, त्यांना काहीसा आराम पडला. गोळी खरी दिली की नुसती साखरेची, याने मात्र फरक पडला नाही.

आम्हाला याचं नवल वाटलं नाही. झोप कशी लागते, राग कशाचा येतो, थंडी सोसते का, हे कोणी शांतपणे विचारतं तेव्हा दुखणं हलकं होतंच. (आपल्या घरात आईला हे शेवटचं कोणी विचारलं होतं?) पण हाडाचं कुरतडणं त्याने थांबत नाही. साबुदाण्याच्या गोळ्या घ्यायच्या तर घ्या, दोन्ही डॉक्टरांना तसं सांगा, आणि सोमवारची गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. बिननावाच्या पुड्या तर नकोतच, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

ताईंनी डॉक्टरांना भेटून गोळी पुन्हा सुरू केलीय. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर घाटावर त्यांचा लोटा सूनबाई भरून देतात.