धंद्यास लागणाऱ्या बाईनें गुरु कोणास करावें ?

शेतीस जोडधंदा असावा, ही गोष्ट शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. पापड, मसाले, लोणचीं, रोपवाटिका, शेळ्या, कोंबड्या असे धंदे आज पुष्कळ घरांत बायकाच हातीं घेतात. त्यांचा हात कसलेला असतो व माल चांगला उतरतो. तरीहि असे कित्येक धंदे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं बंद पडतात. याचें कारण बहुधा मालांत नसून हिशेबांत असतें, आणि हिशेब दाखवावयास जाणतें माणूस जवळ नसतें. तें माणूस कसें शोधावें, एवढाच या पाठाचा विषय आहे.

तोटा कोठें लपतो ?

समजा, एका बाईनें दहा किलो उडदाच्या पिठाचे पापड केले. पीठ, मसाला, पापडखार व तेल यांस १,६०० रुपये आणि पिशव्या व वाहतूक यांस २०० रुपये लागले. पापड २,८०० रुपयांस विकले गेले. घरांत सर्वांस वाटलें, हजार रुपये सुटले. परंतु लाटण्यांत ती, तिची सासू व जाऊ यांचे मिळून चार दिवस गेले होते. त्याच कामास बाहेरच्या बायका लाविल्या असत्या तर रोजीं ३०० प्रमाणें १,२०० रुपये द्यावे लागले असते. म्हणजे हजार सुटले नाहींत. उलट दोनशे गेले.

हा तोटा आपणांस दिसत नाहीं, कारण घरच्या बायकांची मजुरी आपण कधीं धरीतच नाहीं. ज्या बाईनें तो स्वतः सोसला आहे, तिला मात्र वहीचें पान उलटतांच तो दिसतो. भाव वाढवावा, पीठ यंत्रावर मळून घ्यावें, कीं दुसरा बाजार धरावा, हें तीच सांगूं शकते.

बाईच कां ?

पुरुषाचा सल्ला वाईट असतो, असें नाहीं. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तीच पुढें लिज्जत पापडाची संस्था झाली. त्यांस आरंभीं सल्ला देणारे छगनलाल पारेख पुरुषच होते. परंतु पुढें शाखांचा कारभार पाहणाऱ्या संचालिका लाटणाऱ्या भगिनींतूनच निघाल्या, हेंहि ध्यानांत ठेवावें. स्वयंपाक, गुरें व मुलें सांभाळून कामास वेळ कसा काढावा, भावकींत उधारी कशी नाकारावी, हाताशीं आलेला पैसा घरखर्चांत कसा जाऊं देऊं नये, हे प्रश्न नवी बाई परक्या पुरुषापुढें काढीत नाहीं. जी त्यांतून गेली आहे, तिच्यापुढेंच ती काढते.

फार मोठी नको, दोन पावलें पुढची हवी

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत घरबांधणीच्या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें गांवोगांवच्या बायकांस पुढें आणिलें. २००१ सालीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां लातूरकडील बायका तेथें जाऊन तेथील बायकांस आपला अनुभव सांगूं लागल्या. त्या इंजिनिअर नव्हत्या. सात-आठ वर्षें आधीं त्याच वाटेनें गेल्या होत्या, एवढेंच. धंद्यांतहि असेंच आहे. मोठ्या कारखानदारणीस आपल्या दहा किलोंची अडचण आठवत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं दहा किलो करणारीस ती पाठ असते.

शोध व पारख

पहिली जागा बचत गट. बँकेनें बचत गटांस कर्ज देण्याची पद्धत नाबार्डनें १९९२ सालीं सुरू केली, व तेव्हांपासून धंदा केलेल्या बायका गांवोगांवीं झाल्या आहेत. दुसरी जागा आठवड्याचा बाजार व बचत गटांचीं प्रदर्शनें. कृषि विज्ञान केंद्रांत माल कसा करावा हें उत्तम शिकवितात, तें अवश्य शिकावें. पण विक्रीचे टक्केटोणपे खाल्लेली बाई निराळीच शोधावी.

पारखतांना चार गोष्टी पाहाव्या:

१. तिनें एक तरी वाईट हंगाम सोसून धंदा टिकविला असावा.
२. ती रोजची वही लिहीत असावी.
३. तिचा व आपला बाजार एक नसावा. शेजारच्या तालुक्यांतील बाई बरी.
४. कर्जांत वा अनुदानांत वाटा मागणारी, किंवा कोऱ्या कागदावर सही घेणारी, गुरु नव्हे. तिच्यापासून दूर राहावें.

कसें शिकावें ?

"मला धंदा शिकवा," असें मोघम म्हणूं नये. आपला माल व वही घेऊन जावें आणि एकच प्रश्न विचारावा : "काकू, या भावांत माझें काय चुकलें ?" हंगामांत दोन दिवस तिच्याकडे राबावें, बोलण्यापेक्षां पाहण्यानें अधिक कळतें. दर महिन्यास वही दाखवावी, व तोटा झाला असेल तर तो आधीं दाखवावा. तिचा सल्ला प्रथम लहान घाण्यावर करून पाहावा. तिचीं गिऱ्हाइकें फोडूं नयेत, व तिच्याकडून उधार घेऊं नये. पुढें आपल्याकडे कोणी नवी आली तर तिला विन्मुख पाठवूं नये. गुरुदक्षिणा ती हीच.

घरधन्याचें काम

हा लेख वाचणारे बहुतेक पुरुष असतील, म्हणून शेवटीं त्यांस दोन शब्द. वही व बँकेचें पुस्तक जिचा धंदा तिच्या हातीं असूं द्या. महिन्यांतून एक दिवसाची मोकळीक व एस्.टी.चें भाडें द्या, आणि त्या दिवशीं गुरांचें पाणी-वैरण स्वतः पाहा. बियाणें घेण्यापूर्वीं आपण दहा शेतकऱ्यांस विचारतों. तिनें एका जाणत्या बाईस विचारावयास जाणें हें त्याहून निराळें नाहीं. घरांतील चार दिवसांची मजुरी वहींत लिहिली जाईल, त्या दिवशीं त्या धंद्यास खरा आरंभ झाला असें समजावें.