तिने विचारलं, ते ऐक

चि. बाळूस,


काकूंची भाची तुमच्याच आवारात नर्सिंगला आहे. परवाच्या सीपीआरच्या ड्रिलमध्ये तिने "सर, हे डायल्यूट केलंय का?" असं विचारलं आणि तू सगळ्यांदेखत "सांगितलं तेवढं कर" म्हणालास, असं कानावर आलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

पुतळा होता म्हणून निभावलं. हृदय थांबलेल्या दहा किलोच्या मुलाला शिरेतून ॲड्रिनलिन ०.१ मिलिग्रॅम. ॲम्प्युलमध्ये १ मिलीत १ मिलिग्रॅम असतं. ते दहापट पातळ करून मग त्यातलं १ मिली द्यायचं. तसंच गेलं तर दहापट डोस! मोठ्या माणसाला अख्खं ॲम्प्युल देतात, म्हणून घाईत हात त्याच सवयीने जातो. तिचा प्रश्न त्यासाठीच होता रे. तू ऑर्डर मोठ्याने द्यायची, तिने तीच परत म्हणायची, तू "बरोबर" म्हणायचं, मगच औषध द्यायचं. तिकडे छाती दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा, १५ दाबांना २ श्वास द्यायचे. एकट्याने होतं का हे? आणि पुढच्या वेळी, खरं मूल समोर असताना, ती गप्प बसली तर?

२ डिसेंबर १९८४ ची रात्र तुला घरात ऐकून पाठ आहे. विषारी वायूने जुनं भोपाळ खोकत, डोळे चोळत हमीदिया रुग्णालयाकडे धावत होतं. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दुसऱ्या एका दवाखान्यात मुलांचे डोळे धूत होते. शेजारी मेडिकलचा एक मुलगा होता. तो काय मागतोय ते मला कळेना, मी काय सांगतेय ते त्याला. आम्हाला एकत्र कधी उभंच केलं नव्हतं. एक दिवस जरी सोबत सराव झाला असता तर, हे अजूनही मनात येतं. तुम्हाला ते आयतं मिळतंय, बाळू. आणि तू तिलाच गप्प करतोस?

फार बोलले. तू उर्मट नाहीस, मला माहीत आहे. घाबरलास की तुझा आवाज चढतो, दादाचंही तेच. भीती वाटली तर वाटू दे, पण तिला आज फोन कर. रात्रपाळीनंतर उपाशी झोपू नकोस, डोळे किती खोल गेलेत तुझे. रविवारी तिलाही घेऊन ये, वरणफळं करते.

तुझी,
आत्या