कडीचे रुपये

आजीच्या गळ्यात राणीछाप सात रुपयांची माळ असायची. प्रत्येक रुपयाला वरून डाक लावून कडी बसवलेली. आजी गेल्यावर आईने ती माळ माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुला नाण्यांचा नाद आहे ना, तूच सांभाळ." २०२१ च्या पावसाळ्यात मी ती सराफाच्या काट्यावर ठेवली. मोडीचे पाच हजारांच्या आत आले. त्याच रात्री त्यात पदरचे घालून मी राणीचाच एक रुपया सव्वाआठ हजारांना घेतला. त्याला कडी नव्हती, एवढंच त्याचं मोठेपण. संग्राहकांच्या लेखी कडीचं नाणं म्हणजे बाद नाणं, आणि तोवर माझ्या डोक्यात तीच भाषा मुरली होती.

सुरुवात साधी होती. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी शिवराई मिळाली. झिजलेलं तांबं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आठवडाभर ती खिशात घेऊन फिरलो. त्या वर्षी मी मोडी शिकलो, वाचलं खूप, खर्च किरकोळ केला. मग एका स्नेह्याने अल्बम भेट दिला आणि तिथे घात झाला.

अल्बमच्या पानाला खिडक्या असतात. मी पंचम जॉर्जचे रुपये लावायला घेतले. त्यांच्या टांकसाळी दोन, मुंबई आणि कलकत्ता. मुंबईची खूण म्हणजे भिंगाखाली जेमतेम दिसणारा ठिपका. म्हणजे बहुतेक सालांना दोन-दोन खिडक्या. १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली, पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारला. झालं, 'डुकराचा रुपया' हवाच! हवं ते नाणं आलं की दोन मिनिटं बघायचो, खिडकीत सरकवायचो आणि नजर लगेच शेजारच्या रिकाम्या खिडकीवर जायची. माझी हाव नाण्याची राहिलीच नव्हती, ती त्या मोकळ्या चौकोनाची होती. हे कळायला मला सहा वर्षं लागली.

मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये रात्री साडेनऊला लिलाव सुरू व्हायचा. पन्नास-पन्नासने बोली चढते, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी आपल्यावर चढतो आणि मग नाणं बाजूला राहतं, त्या माणसाला हरवायचं असतं. पाकिटं मी कॉलेजच्या पत्त्यावर मागवायचो. स्टाफरूममधलं कपाट एकदा आवरलं तेव्हा तीन पाकिटं न फोडलेली निघाली, त्यातल्या दोन पाकिटांत तर एकसारखंच नाणं.

१९३९ चा रुपया अतिशय दुर्मीळ. तो मला बावीस हजारांत 'मिळाला'. चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असायला हवं. माझ्या काट्यावर १०.९ भरलं. विकणारा ग्रुपमधून नाहीसा झाला. खरं सांगतो, फसल्याचं दुःख कमी आणि खिडकी पुन्हा रिकामी झाल्याचं जास्त वाटलं.

पगाराच्या चिठ्ठीत पतपेढीचा हप्ता दिसला आणि हिने विचारलं, "हे कर्ज कसलं?" त्या रात्री वही काढून तिच्यासमोर बेरीज केली. चार लाख सत्त्याऐंशी हजार. ती ओरडली नाही. "लेकीच्या फीला आपण माझ्या भावाकडून उसने आणले होते ना?" एवढंच म्हणाली.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर आधी ही बेरीज करा, आणि एकट्याने करू नका. एकटा माणूस कुरियरचा खर्च धरत नाही. लिलावाचे ग्रुप त्याच रात्री सोडा. 'नुसतं बघतो' हे मी दोनदा म्हटलं आणि दुसऱ्या खेपेला साडेतीन हजारांना घसरलो. अल्बम मोडा. मी नाणी कागदी पाकिटांत घातली, खिडक्यांची पानं रद्दीत दिली; उपाय बावळट वाटेल, पण मला सगळ्यात जास्त गुण त्यानेच आला.

विकताना घाई नको. व्यापारी निम्म्याच्या आसपास देईल, रीतसर लिलावात कमिशन कापलं जाईल; मला एकूण घातलेल्यातले जेमतेम पंचेचाळीस टक्के परत आले. 'तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनेच सावध केलंय. परदेशातल्या ग्राहकाच्या भावाला भुलू नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते बाहेर पाठवणं गुन्हा आहे. आणि हात आवरतच नसेल, झोप उडाली असेल, तर लाजू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात. मी फोन करायला आठ महिने लावले.

नाद मेलेला नाही, मारायचाही नव्हता. मुंबईला फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे काचेपलीकडचं नाणं तासभर बघता येतं आणि खिशाला हात जात नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथेही एकदा जाऊन आलो. घरात अकरा शिवराया ठेवल्यात, बाकी गेलं. पतपेढीचे चौदा हप्ते उरलेत.

अधूनमधून रविवारी जुन्या बाजारात जातो. मोबाईल घरी, खिशात दोनशे रुपये, बरोबर लेक. तिला भोकाचा पैसा आवडतो. पण पथारीवर कडीचा रुपया दिसला की मी थांबतो, हातात घेतो, भाव विचारतो. आजीचा तर नाही ना, म्हणून उलटून बघतो. ओळखणार कसा, तेव्हा मी ते नीट बघितलेच नव्हते.