किल्लारीचा धडा

विद्यार्थी मित्रहो, दूरदेशच्या खेड्यांचीं वर्णनें आपण क्रमिक पुस्तकांत आवडीनें वाचतों. परंतु आपल्या मराठवाड्यांतील खेडें डोळे उघडून क्वचितच पाहतों. म्हणून आज आम्ही लातूर जिल्ह्यांतील किल्लारी या गांवाचा विचार करणार आहों.

औसा तालुक्यांत, तेरणा नदीच्या खोऱ्यांत हें गांव आहे. आपल्याकडे पिकाच्या जमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. जुन्या पांढरींत घरास घर लागून असे. भिंती दगडमातीच्या व चांगल्या रुंद. वर लांकडी तुळया, त्यांवर फळ्या व त्यांवर मातीचा जाड थर. हेंच माळवद. असें घर उन्हाळ्यांत थंड राहतें. माळवदावर धान्य वाळवितां येतें, रात्रीं निजतांहि येतें. गळती थांबावी म्हणून लोक पावसाळ्यापूर्वीं वर नवी माती टाकीत. जुनी मात्र सहसा काढीत नसत. त्यामुळें वर्षानुवर्षें छपराचें ओझें वाढत गेलें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं येथें सुमारें ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें मृत्युमुखीं पडलीं.

दख्खनची भूमि अचल आहे, असा पुष्कळांचा समज होता. वस्तुतः भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियास रेटीत आहे. त्या दाबाचा ताण आपल्या काळ्या पाषाणाखालील जुन्या भेगांत सांठतो व कधींतरी एकाएकीं मोकळा होतो.

परंतु जीव घेतला तो मुख्यतः घरांनीं. रुंद भिंत वास्तविक दोन पातळ भिंतींची जोडी होती. मध्यें दगडांच्या कपच्या व माती. दोहोंस सांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसतांच ही जोडी फाकली आणि माळवदाची माती निजलेल्यांवर कोसळली. जी रुंदी मजबुतीची खूण वाटे, तीच घातक ठरली.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. नव्या किल्लारींत रस्ते रुंद व घरें सुटीं आहेत. जुन्या पांढरीचा शेजार मात्र तुटला.

पालकहो, ही केवळ जुनी हकीकत नव्हे. १० जुलै २०२४ रोजीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला व तो नांदेडासहि जाणवला. आपल्या गांवीं जुनें माळवद असल्यास त्यावरील जादा माती उतरवावी. नवी भिंत बांधतांना आरपार दगड घालावे आणि दारांखिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सळईचा पट्टा अवश्य घालावा. यास फार खर्च येत नाहीं. लक्ष मात्र लागतें.

शुभवर्तमानांत घर बांधणाऱ्या दोघांचा दाखला आहे. वचन दोघांनींहि ऐकलें होतें. भेद एवढाच कीं, एकानें तें आचरणांत आणिलें. किल्लारीचा धडा आपण सर्वांनीं ऐकला आहे. विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टींत आपल्या घराची एक भिंत नीट निरखून पाहा, आणि काय आढळलें तें वडिलांस अवश्य सांगा.