वजन उतरते तेव्हा



लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून देवणी हे तालुक्याचे गाव आहे. महाराष्ट्राबाहेर हे नाव ओळखले जाते ते गाय-बैलांच्या एका जातीमुळे. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव आणि पलीकडे बीदर ह्या भागात देवणी जनावरे पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. बैल औताला चांगला आणि गायही दुधाला बरी, अशी ही दुहेरी उपयोगाची जात. अंग पांढरे आणि तोंडाचा काही भाग काळा असेल तर तो वानेरा. पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके असतील तर शेवरा. पूर्ण वाढलेला, धष्टपुष्ट देवणी बैल पाचशे-सहाशे किलोपर्यंत भरतो.

हाच बैल दुष्काळाच्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात पाहा. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसतात, पुठ्ठ्याची हाडे वर येतात, कातडी सैल पडते. शेतकरी म्हणतो, "बैल उतरला." म्हणजे वजन उतरले. किती उतरले? एवढा मोठा काटा प्रत्येक गावात कोठून असणार! पण शिवणकामाची एक टेप असली तरी अंदाज करता येतो.

वशिंडाच्या मागून आणि पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप फिरवून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग करा, त्याला लांबीने गुणा आणि १०,८४० ने भागा. येईल ते उत्तर वजन, किलोग्रॅममध्ये. समजा, माघात घेर १९० आणि लांबी १६० सेंटिमीटर होती. उत्तर आले सुमारे ५३३ किलो. ज्येष्ठात घेर १७० झाला. लांबी तीच, कारण हाडे काही आखडत नाहीत. आता उत्तर येते सुमारे ४२७ किलो. घेर जेमतेम साडेदहा टक्क्यांनी घटला, पण वजन वीस टक्क्यांनी! हा वर्गाचा प्रताप. हा नियम अंदाजाचा आहे हे खरे. जातीप्रमाणे त्यात थोडाफार फरक पडतो, पण एकाच जनावराची दोन वेळची तुलना करायला तो पुरेसा आहे.

१०६ किलो गेले कोठे?

काही भाग तर बैलाचा नव्हताच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात चारा-पाण्याचा मोठा साठा असतो. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून तो अधिकही भरतो. वैरण तुटली की हा साठा घटतो. पाणी तुटले तरी घटतो, कारण तहानलेले जनावर चाराही कमी खाते. म्हणून १९७२ सालचा धान्य-वैरणीचा दुष्काळ आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते २०१६ साल, दोन्हींत जनावरे उतरली.

उरलेली घट मात्र खऱ्या अर्थाने शरीराची. त्यात स्नायूंमधील प्रथिने असतात, पाणी असते आणि मुख्यतः चरबी असते. ही चरबी कोठे जाते, असे वर्गात विचारून पाहा. "तिची उष्णता होते," असे बहुतेक जण म्हणतील. ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हाच प्रश्न दीडशे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षकांना विचारला होता. त्यांच्यातील बहुतेकांचे उत्तर हेच होते, आणि ते चूक होते. उष्णता बाहेर पडते हे खरे, पण वस्तुमान उष्णतेत नाहीसे होत नाही. चरबीच्या एका नमुनेदार रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. तो शरीरात जळताना ऑक्सिजनचे ७८ रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू देतो. (शिक्षकांनी हे समीकरण फळ्यावर मांडून दोन्ही बाजूंचे अणू मुलांकडून मोजून घ्यावेत.) हिशेब असा निघतो की १० किलो चरबी संपूर्ण जळाली, तर तिच्यातील सुमारे ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे जाते आणि उरलेले १.६ किलो पाणी होऊन मूत्र, घाम व वाफ ह्यांवाटे जाते. थोडक्यात, दुष्काळात बैल आपली चरबी नाकाने सोडून देत असतो. गोठ्यातल्या हवेत गेलेला तोच कार्बन पुढे एखाद्या ज्वारीच्या ताटात शिरून कडबा होऊन परत आला, तर नवल नाही.

उतरलेले शरीर काटकसरी होते

आता खरी गोष्ट. ४२७ किलोपर्यंत उतरलेला बैल आणि मुळात ४२७ किलोचाच असलेला बैल, हे दोघे सारखे नव्हेत. उतरलेल्या बैलाचे शरीर कमी इंधनावर चालायला शिकलेले असते. यकृत आणि आतडी हे अवयव वजनाने लहान, पण इंधन खाण्यात मोठे. उपासमारीत ते आकसतात. गळ्यातील अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांचा प्रभाव मंदावतो, हृदयाचे ठोके कमी होतात, बैल हालचालही कमी करतो. ज्याच्या घरात धान्य संपत आले आहे तो माणूस जशी चूल एकवेळच पेटवतो, तसेच हे.

मृग बरसतो, बांधावर हिरवळ येते आणि ही काटकसर कामाला येते. खर्च अजून कमीच असतो, पण आवक वाढते, आणि उतरलेले जनावर न उतरलेल्यापेक्षा भराभर भरते. वाढीच्या वयातील जनावरांत हे विशेष दिसते. अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल ह्या शास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते, की खुंटलेली वाढ अन्न मिळताच पुन्हा सुरू होते. ह्याला 'भरपाईची वाढ' म्हणतात. पण तिलाही मर्यादा आहे. अगदी लहान वयात फार दिवस उपाशी राहिलेले वासरू पुढे कितीही खाऊ घातले तरी खुरटेच राहण्याचा धोका असतो. शिवाय उपाशी जनावराला एकदम कोवळ्या हिरवळीवर सोडले तर पोटफुगी होते आणि एकदम धान्य घातले तर कोठीपोटात आम्ल वाढून ते दगावूही शकते. जाणता शेतकरी सुरुवातीला कडबा आणि हिरवा चारा मिसळून देतो, तो ह्याचसाठी.

शेतकऱ्याची अडचण अशी, की बैलाला ताकद लागते ती नेमकी पेरणीला. बैल भरतो तो श्रावणापर्यंत आणि पेरणी असते आषाढाच्या आत. ऐन वेळी बैल विकावा, तर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गिऱ्हाईक प्रथम पाठीवरून आणि बरगड्यांवरून हात फिरवते. उतरलेल्या बैलाची किंमतही उतरते.

बैल बोलत नाही, माणूस बोलतो

वजन उतरताना त्या मुक्या प्राण्याला काय वाटते हे तो सांगत नाही. माणसांनी मात्र ते सांगितले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ ह्या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण आपण होऊन प्रयोगात आले होते. उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे उभे करावे हे शोधायचे होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. नाडीचे ठोके सरासरी मिनिटाला ५५ होते, ते ३५ वर आले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. ते चिडखोर झाले, हसणे-खेळणे थांबले. दिवसभर मनात अन्नच. कोणी ताटल्या चाटून पुसत, कोणी पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुन्हा जेवण मिळू लागल्यावर बऱ्याच जणांची भूक कित्येक आठवडे शमेना, आणि स्नायूंच्या आधी चरबीच परत आली.

हे झाले सडपातळ तरुणांचे. ज्याचे वजन मुळातच फार आहे, अशा माणसाने ते उतरवले तर फायदे पुष्कळ होतात. एक किलो वजन कमी झाले की चालताना पडणाऱ्या प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजून पाहिले गेले आहे. रक्तदाब उतरतो, झोप शांत लागते. ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह वर्षभरात औषधाविना आटोक्यात आला. हा कार्यक्रम डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, हे विसरू नका.

पण शरीराला दुष्काळ कोणता आणि डॉक्टरांचा सल्ला कोणता, हे कळत नाही! चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध लावला. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू समजतो की कणगी रिकामी होत आहे. भूक वाढते, खर्च कमी होतो. शिवाय वजन उतरल्यावर चरबीच्या पेशी रिकाम्या होतात, नाहीशा होत नाहीत. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले की प्रौढ माणसात त्यांची संख्या जवळपास कायम राहते. कणग्या तशाच उभ्या, फक्त तळाला गेलेल्या.

अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्यातील १४ स्पर्धकांनी तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन घटवले होते. सहा वर्षांनी तपासले तेव्हा त्यांतले सरासरी ४१ किलो परत आले होते. त्याहून विलक्षण म्हणजे, त्यांच्या आकारमानाच्या माणसाला विश्रांतीत जेवढे इंधन लागावे, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी त्यांना लागत होत्या. ही जवळजवळ दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढी ऊर्जा झाली. एवढ्या वेगाने वजन उतरवणे हा टोकाचा प्रकार आहे. सर्वांचे असेच होते असे नाही. ज्यांनी उतरवलेले वजन वर्षानुवर्षे राखले आहे, अशांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली गेली. त्यांतील बहुतेक जण रोज तासभर चालणे किंवा तत्सम श्रम करतात.

आपल्याकडे मात्र कोणाचे उतरलेले वजन परत आले की लगेच बोलले जाते, "जिभेवर ताबा नाही." तो माणूस शेजाऱ्याइतकेच जेवून शेजाऱ्यापेक्षा जाड होत असेल, ही शक्यता कोणाच्या मनात येत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला टोपणनाव ठेवताना वरचे आकडे जरूर आठवा.

आणि नुसत्या काट्यावरही विसंबू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील बाळांपेक्षा ही बाळे वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन ह्यांनी स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; पण युडकिन ह्यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांना एकच आकडा दाखवत होता.

तुमचे वय वाढीचे आहे. सिनेमातल्या नटासारखे दिसावे म्हणून ह्या वयात जेवण तोडणारी मुले-मुली शहरात आणि आता गावातही आढळतात. त्यांनी वरची वासराची गोष्ट पुन्हा वाचावी. वजन खरोखरच जास्त वाटत असेल तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.

आता एक काम. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यातील एक गरीब स्वभावाचा, पूर्ण वाढलेला बैल निवडा. गुढीपाडव्यापासून पोळ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, सकाळी पाणी पाजण्यापूर्वी, त्याचा घेर आणि लांबी मोजा. मालकाला शेजारी उभे करा आणि बैलाच्या मागे उभे राहू नका. तारखा आडव्या अक्षावर, वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. पहिला पाऊस कोणत्या दिवशी पडला, हिरवा चारा केव्हा सुरू झाला आणि औत केव्हा जुंपले, ह्यांच्या खुणा आलेखावर करा. लांबीचा आकडा दर वेळी तोच यायला हवा. तो बदलत असेल तर टेप नीट धरली जात नाही असे समजा आणि मोजणी पुन्हा करा.