गालगुंड घशात उतरतं तेव्हा
गालगुंड म्हणजे पोरांचं दुखणं, हळदीचा लेप लावला की आठवड्यात उतरतं, असं आमच्या ओवे गावात सगळेच म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. माझ्या मुलाचं तसंच उतरलं. त्याच्या मागोमाग मला झालं.

गाल सुजले, ताप आला, इथवर वेगळं काही नव्हतं. मग सूज जबड्याखाली उतरली. संध्याकाळी ताईचा फोन आला, तर ती विचारते, "कोण बोलतंय?" तोंडात पाण्याचा घोट धरून बोलावं तसा माझा आवाज झाला होता. थुंकी गिळवेना. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून उशांना टेकून बसून राहिले. सासूबाईंनी गळ्याखाली, छातीच्या हाडावर बोट दाबून पाहिलं, तर तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या ह्यांना म्हणाल्या, "गाडी काढ आधी."

रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. स्वरयंत्राच्या वरचा भाग सुजून श्वासाची वाट अरुंद झाली होती. जबड्याखालच्या ग्रंथी फुगल्या की मानेतल्या लसिकेचा निचरा अडतो आणि ते पाणी घशाच्या सैल भागात साचतं, असं त्यांनी समजावलं. हे फार क्वचित होतं, आणि होतं ते मुख्यतः मोठ्या माणसांना. शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी उशाशीच होती, ती लागली नाही.

म्हणून कळकळीने सांगते, मोठ्या माणसाला गालगुंड झालं तर गालांपेक्षा आवाजाकडे लक्ष ठेवा. आवाज बदलला, लाळ गिळवेना, श्वासाला घरघर लागली किंवा सूज छातीवर आली, तर सकाळची वाट पाहू नका. अतिदक्षता विभाग असेल तिथेच जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. रुग्णाला बसवूनच न्या. घसा बघायला चमचा घालू नका, पाणी पाजू नका.

सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, तीत गालगुंड येत नाही. त्यासाठी एमएमआर खासगीत घ्यावी लागते. मोठ्यांनाही ती घेता येते, गरोदर बायकांना मात्र नाही. सूज आल्यापासून ५ दिवस रुग्णाला वेगळं ठेवा. विषाणू सूज दिसण्याआधीच पसरू लागतो, त्यामुळे घरात एकाला झालं की पुढचे २५ दिवस बाकीच्यांवरही नजर हवी.